यंत्राची मुखत्यारी

प्राध्यापक : वकीलसाहेब, आपला आक्षेप असा की, जो प्रोग्राम माणसाने लिहिला, माणसाने चालू केला आणि जो माणसाला वाटेल तेव्हा बंद करता येतो, त्याला स्वायत्त म्हणणे हा निव्वळ शब्दांचा अपव्यय आहे. मला हे मान्य नाही. पण वादाला हात घालण्यापूर्वी संज्ञा निश्चित करून घेऊ, कारण या विषयातले निम्मे कलह संज्ञांच्या शैथिल्यातून उत्पन्न झालेले आहेत. एखादी गोष्ट एजंट केव्हा ठरते आणि केव्हा ती नुसताच प्रोग्राम राहते, हा प्रश्न 1996 साली मेम्फिस विद्यापीठातील स्टॅन फ्रँकलिन आणि आर्ट ग्रेसर या दोघांनी नेमकेपणाने विचारला होता. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, जी व्यवस्था एखाद्या परिसरात वसलेली आहे, त्या परिसराची चाहूल घेते, त्यावर क्रिया करते, हे एकदाच न करता दीर्घकाळ करीत राहते, स्वतःचा काही हेतू साधण्यासाठी करते, आणि जिच्या आजच्या क्रियेमुळे उद्या तिला जाणवणाऱ्या गोष्टींत फरक पडतो, ती एजंट. पगारपत्रक काढणारा प्रोग्राम या कसोटीला उतरत नाही. तो आकडे घेतो, आकडे देतो आणि पुढच्या महिन्यापर्यंत निपचित पडतो. लातूरच्या बाजार समितीतले सोयाबीनचे भाव रोज मोबाइलवर कळवणारी सेवाही उतरत नाही. पण समजा, उदगीरच्या एखाद्या शेतकऱ्याने आपले सोयाबीन वखारीत ठेवले, पावतीवर तारण कर्ज उचलले, आणि भाव, आवक व कर्जाची मुदत यांवर नजर ठेवून योग्य वेळी माल विकण्याचे काम एका प्रोग्रामवर सोपवले; तर तो प्रोग्राम बाजार पाहील, थोडा माल विकेल, उरलेल्या साठ्याचा आणि कर्जाचा नव्याने विचार करील, पुन्हा थांबेल, आणि यातली प्रत्येक पायरी त्याला कोणी सांगत बसणार नाही. माझ्या मते येथे एक निराळीच जात सुरू होते.

वकील : याच कसोटीवर खोलीचे तापमान राखणारा थर्मोस्टॅटही एजंट ठरतो, सर, आणि ही गोष्ट त्या दोघा विद्वानांनी स्वतःच प्रांजळपणे नोंदवून ठेवली आहे. ज्या व्याख्येत थर्मोस्टॅट आणि दिवाणी न्यायालयात मुखत्यारनाम्यावर उभा राहणारा मनुष्य असे दोघेही सुखाने सामावतात, त्या व्याख्येने काही तरी महत्त्वाचे बाहेर ठेवले आहे, असा माझा समज आहे. निजामी अमदानीत आपल्या मुलखातले कित्येक जहागीरदार हैदराबादेस राहत आणि गावचा कारभार त्यांचे मुखत्यार पाहत असत. त्यांतला कोणी चतुर असेल, कोणी मंदबुद्धी असेल. परंतु तो मुखत्यार ठरे तो त्याच्या बुद्धीमुळे ठरत नसे. त्याला कोणते अधिकार दिले, कोणते राखून ठेवले, कशाला धन्याची मंजुरी लागेल आणि हिशेब केव्हा व कोणापुढे द्यायचा, हे सांगणाऱ्या कागदावर त्याची सारी हैसियत उभी असे. 1949 साली जहागिरी खालसा झाल्या आणि 1951 साली 1872 चा करार कायदा आपल्याकडे लागू झाला, तरी या बाबतीत मूळ कल्पना बदलली नाही. त्या कायद्याचे 182 वे कलम सांगते की, दुसऱ्यासाठी काही कृत्य करण्याकरिता, अथवा तिऱ्हाइताशी होणाऱ्या व्यवहारात त्याचे प्रतिनिधित्व करण्याकरिता नेमलेली व्यक्ती म्हणजे एजंट. त्यात परिसराची चाहूल नाही, दीर्घकाळ नाही, बुद्धीचा तर उल्लेखही नाही; धनी आहे, नेमणूक आहे आणि तिऱ्हाईत आहे. आपण एकट्या यंत्राकडे निरखून पाहिलेत आणि व्याख्या केलीत. आम्ही तीन पक्ष समोर बसवल्याखेरीज एक ओळही लिहीत नाही.

प्राध्यापक : पण अधिकार दगडाला देता येत नाही, वकीलसाहेब. ज्याच्यापाशी निवड करण्याची शक्तीच नाही त्याच्या नावे आपण कितीही भक्कम मुद्रांकावर मुखत्यारनामा लिहून दिलात तरी तो व्यर्थ. म्हणून आधी शक्तीचा विचार केला पाहिजे. थर्मोस्टॅटविषयीचा आपला आक्षेप मी स्वीकारतो, मात्र त्याचा निष्कर्ष एवढाच की, एजंट असणे ही हो-नाहीची बाब नसून तीत पायऱ्या आहेत. माझ्या लेखी त्या पायऱ्या मोजण्याचे सर्वांत समंजस माप स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्विग यांनी 1995 च्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात दिले : रचनाकाराने आधी भरून ठेवलेल्या ज्ञानावर जितके कमी आणि स्वतःच्या अनुभवावर जितके अधिक ज्याचे वर्तन अवलंबून, तितका तो अधिक स्वायत्त. थर्मोस्टॅट वर्षानुवर्षे त्याच खोलीत राहून काहीएक शिकत नाही, म्हणून तो सर्वांत खालच्या पायरीवर. याच्या उलट टोकाचे उदाहरण मी आमच्या नांदेड जिल्ह्यातलेच देतो. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाप्रमाणे त्याचे 14 दरवाजे दर वर्षी 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत वर उचललेले राहतात, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. पाऊस सप्टेंबरात आटोपला तरी दरवाजे उघडे. पाणी डोळ्यांदेखत पोचमपाडच्या जलाशयाकडे निघून जाते, आणि 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा नदीत अडवण्याजोगा प्रवाह उरलेला असेलच असे नाही. 2.74 टीएमसीचा हा बंधारा पाण्याकडे पाहत नाही, दिनदर्शिकेकडे पाहतो. स्वायत्ततेचा अभाव म्हणतात तो हा. आवक, पर्जन्य, वरच्या धरणांचा विसर्ग आणि खालच्या राज्याचा हक्क यांचा मेळ घालून दरवाजे हलवणारी व्यवस्था तेथे असती, तर धर्माबाद-बिलोलीच्या शेतकऱ्यांची स्थिती वेगळी असती, हे मी अभियांत्रिकी शिकवणारा माणूस म्हणून कळवळ्याने सांगतो.

वकील : कळवळा माझाही आहे, पण साक्षीदार आपण स्वतःच्याच विरुद्ध उभा केलात. बाभळीच्या दरवाज्यांपाशी जो अभियंता असतो त्याला पाण्याची भाषा येत नाही काय? नदी उतरते आहे हे त्याला मोजपट्टीवर दिसते, वरून किती विसर्ग येतो आहे हे दूरध्वनीवर कळते, दरवाजे आज टाकले तर किती साठेल याचे गणित तो तोंडी करू शकतो. चाहूल आहे, हेतू आहे, अनुभव तर आयुष्यभराचा आहे. आपल्या मापाने तो अतिशय वरच्या पायरीवर बसेल. तरीही 28 ऑक्टोबरच्या रात्री त्याला दरवाज्याला हात लावण्याचा अख्त्यार नाही, कारण हा बंधारा पोचमपाडच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येतो म्हणून 2006 साली आंध्र प्रदेशाने दावा लावला होता, आणि त्या दाव्याच्या मुळाशी असलेला प्रश्न महाराष्ट्राच्या अभियंत्यांना पाणी कळते की नाही हा नव्हता. त्यांच्या हाती दरवाजे असताना खालच्या राज्याने निर्धास्त कसे राहावे, हा होता. न्यायालयाने कोणाची बुद्धी काढून घेतली नाही, तारतम्य वापरण्याची मुभा तेवढी राखून घेतली. म्हणून म्हणतो की स्वायत्तता कोणाच्या मस्तकात किंवा यंत्राच्या पोटात शोधू नये. ती दिली जाते, मागे घेतली जाते, तिला तारखा असतात, आणि तिचे प्रमाण घेणाऱ्याच्या शहाणपणापेक्षा देणाऱ्याच्या व बाधित होणाऱ्याच्या विश्वासावर ठरते. आपल्या प्रोग्रामला उद्या अभियंत्याच्या दसपट बुद्धी आली तरी खालच्या राज्याचा, म्हणजे आता तेलंगणाचा, विश्वास तेवढ्याने वाढणार नाही. किंबहुना, ज्याच्या निर्णयाची रीत कळत नाही अशाच्या हाती दरवाजे आहेत म्हटल्यावर तो कमी होईल.

प्राध्यापक : हा मुद्दा वजनदार आहे, आणि मी तो अर्धा स्वीकारतो : शक्ती आणि अख्त्यार या दोन वस्तू आहेत, आणि आमच्या शास्त्राने दोहोंना एकच नाव देऊन गोंधळ केला. पण उरलेल्या अर्ध्याविषयी आपण घाई करता. तारखा इतक्या काटेकोर ठरवून दिल्यावरही न्यायालयाला केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक अशा तिघा सदस्यांची देखरेख समिती नेमावी लागली. नियमाने सगळे प्रसंग भागले असते, तर त्या समितीचे प्रयोजन काय? ज्या आदेशाची अंमलबजावणी खऱ्या नदीवर करायची आहे त्यात कोठे तरी फट राहतेच, आणि त्या फटीत निर्णय घेणारा कोणी तरी लागतो. आपल्या करार कायद्यानेही हे ओळखले आहे. 211 वे कलम म्हणते की एजंटाने धन्याच्या आज्ञेप्रमाणे वागावे, आणि आज्ञा नसेल तेथे त्या ठिकाणच्या त्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे. 189 वे कलम त्याहून पुढे जाते : आणीबाणीच्या प्रसंगी धन्याचे नुकसान टाळण्यासाठी एजंटाला ते सारे करण्याचा अख्त्यार आहे, जे सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या बाबतीत करील. म्हणजे न सांगितलेले करण्याची क्षमता हा आपल्याही कायद्यात एजंटाचा गाभाच आहे. आता माझ्या उदगीरच्या शेतकऱ्याकडे या. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने मिळते आणि मुदत 180 दिवसांची असते. मुदत संपत आली, भाव हमीभावाच्या खाली आहे, आयातीच्या धोरणात बदल होणार अशी वार्ता आहे. अशा वेळी सगळा माल काढावा, अर्धा काढावा, की दुसरीकडून पैसे उभे करून थांबावे, हे कोणत्याही प्रोग्रामकाराने आधी लिहून ठेवलेले नसते. मागील हंगामांच्या अनुभवावरून जो प्रोग्राम हे ठरवतो, तो फटीत उभा राहिलेला आहे. तेथे त्याला नुसते हत्यार म्हणून संबोधणे ही वस्तुस्थितीची उपेक्षा होय. हा फरक मी सल्ला आणि कृती यांच्यातही करतो : कृषी विभागाचे महाविस्तार हे अॅप शेतकऱ्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देते आणि तेथेच थांबते; पुढचे पाऊल शेतकऱ्याचे. माझा प्रोग्राम ते पाऊल स्वतः टाकतो.

वकील : ते पाऊल टाकणारा मनुष्य लातूरच्या आडतीत कसा वागतो ते आधी पाहू. पोते उघडते, आडत्या कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातले मूठभर दाणे वर काढतो, तळहातावर चोळतो, एखादा दाताखाली फोडतो. ओलावा मोजण्याचे यंत्र शेजारी असतेच आणि खरेदी केंद्रावर त्याच्याच आकड्याला किंमत असते; 12 टक्क्यांच्या वर गेलेले सोयाबीन तेथे घेत नाहीत, आणि 2024 च्या हंगामात ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल करण्यास केंद्राला मंजुरी द्यावी लागली, कारण 4,892 रुपयांचा हमीभाव कागदावर असून परतीच्या पावसाने भिजलेल्या मालाला तो मिळेना. हे सगळे आपले यंत्र शिकू शकेल, हात आत घालणेसुद्धा. रिवाजही शिकेल, रिवाज म्हणजे अखेर पुनःपुन्हा घडलेल्या व्यवहारांचीच नोंद आहे. परंतु 189 व्या कलमाची आपण जी ओळ सांगितली, तिच्यातच अडचण आहे. सामान्य शहाणा माणूस *स्वतःच्या बाबतीत* जे करील ते. आडत्याला स्वतःची बाब आहे. त्याचे स्वतःचे पैसे बाजारात अडकतात, त्याचा परवाना रद्द होऊ शकतो, पट्टीत गफलत केली तर पुढल्या दसऱ्याला त्या गावचे टेम्पो शेजारच्या दुकानापुढे उभे राहतात. दुसऱ्याचे नुकसान म्हणजे काय, हे त्याला कळते ते स्वतः नुकसान सोसू शकतो म्हणून. यंत्राची स्वतःची बाब कोणती? 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेत नाईट कॅपिटल या पेढीच्या आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रणालीत नवा प्रोग्राम 8 सर्व्हरपैकी एकावर चढवायचा राहून गेला, तेथला जुना निरुपयोगी भाग जागा झाला, आणि सुमारे 45 मिनिटांत पेढीचे 40 कोटी डॉलरहून अधिक बुडाले. कोणत्याही गुमास्त्याने, तो कितीही अडाणी असो, पाचव्या मिनिटाला हात आखडता घेतला असता. धन्याच्या प्रेमापोटी नव्हे. आपले काय होईल या धास्तीने.

प्राध्यापक : धास्ती हा चांगल्या कारभाराचा आधार आहे, हे मला सहजासहजी पटत नाही. धास्तीने माणसे हिशेब लपवतात, वेळेवर निर्णय घेत नाहीत, वरिष्ठाच्या सहीची वाट पाहत पूर अंगावर घेतात. शिवाय उत्तरदायित्वावाचून एजंट असूच शकत नाही, हे म्हणणे आपल्याच कायद्याला धरून नाही. 184 वे कलम पाहा : तिऱ्हाइतापुरते पाहिले तर कोणीही एजंट होऊ शकतो, अज्ञान मूलसुद्धा, फक्त ते आपल्या धन्याला जबाबदार राहत नाही. म्हणजे 1872 सालीच कायद्याने मान्य केले होते की धन्याला बांधून घालणारा, पण स्वतः कशालाही बांधील नसलेला एजंट संभवतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या 11 व्या कलमाने तेच सूत्र पुढे नेले : एखाद्याने, किंवा त्याच्या वतीने, आपोआप चालण्यासाठी रचलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश त्याचाच समजावा. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणापुढे एअर कॅनडाने असा बचाव केला की, संकेतस्थळावर प्रवाशाला सवलतीविषयी चुकीची माहिती देणारा चॅटबॉट आपल्या कृतींना स्वतःच जबाबदार आहे. तो बचाव फेटाळला गेला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. व्यवस्था चालते, वकीलसाहेब. यंत्राला धास्ती नसली तरी त्याच्या मागे उभा असलेल्याला आहे.

वकील : 184 वे कलम आपण माझ्या हातून काढून घेतलेत, हे मान्य. पण त्यात गृहीत धरलेली गोष्ट पाहा. पोराला बाजारात पाठवणारा बाप त्या पोराला ओळखतो. त्याच्या हाती किती पैसे द्यावेत, कोणत्या दुकानी पाठवावे, हे तो जाणतो, आणि म्हणून पोराने केलेला सौदा त्याच्या माथी मारण्यात न्याय आहे. उदगीरच्या शेतकऱ्याने आपला प्रोग्राम ओळखलेला नाही. तो कोणी तरी रचला, दुसऱ्या कोणी त्याला मागील हंगामांचे आकडे शिकवले, तिसऱ्याने तो मोबाइलवर उपलब्ध केला, आणि या साखळीत तारण देणाराही कोठे तरी आहे, ज्याला माल चढ्या भावाने विकला जाण्यापेक्षा मुदतीत विकला जाण्यात अधिक रस आहे. फ्रँकलिन आणि ग्रेसर यांच्या व्याख्येत 'स्वतःचा हेतू' असे शब्द होते. ते मला प्रथमपासून खुपत आहेत. यंत्राचा तो हेतू कोणाचा? आडत्याही दोन्हीकडचा असतो, शेतकऱ्याला पेरणीला उचल देतो आणि खरेदीदाराशी नित्य संबंध ठेवतो. पण त्याचे दोन्हीकडचे असणे अख्ख्या मोंढ्याला ठाऊक असते आणि शेतकरी ते धरूनच त्याच्याशी बोलतो. यंत्राची दुहेरी निष्ठा कोणाच्या डोळ्यांना दिसते?

प्राध्यापक : दिसू शकते, आणि या बाबतीत यंत्र माणसापेक्षा सरस आहे, असे मी आग्रहाने म्हणेन. त्याने कोणत्या क्षणी कोणता भाव पाहिला, काय विकले, काय राखले, याची नोंद ठेवता येते आणि ती कोणाही परीक्षकाला उघडून दाखवता येते. जहागीरदाराच्या मुखत्याराच्या मनात काय होते हे कोणत्या दप्तरात सापडेल? फार तर अधिकाराला कुंपण घालू : एका दिवसात इतक्या क्विंटलहून जास्त विकायचे नाही, अमुक भावाखाली शेतकऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि शेतकऱ्याने एक कळ दाबताच सगळे थांबायचे.

वकील : रद्द करण्याचा हक्क 203 व्या कलमातही आहे, पण अधिकार वापरला जाण्यापूर्वीच तो बजावता येतो, वापरून झाल्यावर नाही. शेतकरी रानात असताना, मोबाइलला रेंज नसताना, यंत्राने अधिकार किती वेळा वापरला असेल याचा हिशेब कोण करणार? आणि कुंपणाचे म्हणाल, तर दिवसाची मर्यादा, भावाची मर्यादा, परवानगीची अट हे सारे घालून झाल्यावर आपण बाभळीच आणून ठेवलीत. भाव एका सकाळी चढला आणि मर्यादेमुळे माल पडून राहिला, तर त्या शेतकऱ्याचे जे जाईल ते ऑक्टोबरात धर्माबादहून निघून जाणाऱ्या पाण्यासारखेच जाईल.

प्राध्यापक : हो, जाईल. त्याची किंमत मी नाकारीत नाही. नाही तर बाभळीविषयी आवाज चढवण्याचा मला अधिकार उरणार नाही.

वकील : शिवाय बाभळीच्या तारखा निदान उघड न्यायालयात, दोन्ही राज्यांची बाजू ऐकून ठरल्या. आपल्या कुंपणाच्या तारा कोण बांधणार? प्रोग्राम विकणारा बांधील आणि शेतकरी 'मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवील.

प्राध्यापक : तसे होता कामा नये. शेतकऱ्याने बाजार समितीत, आपल्या भाषेत, आपण काय सोपवतो आहोत हे समजून मग ते सोपवावे, अशी सक्ती हवी. पण येथे मला एक अडचण आहे आणि ती लपवणे बरे नाही. शिकणारा प्रोग्राम पुढल्या हंगामात नेमके काय करील, हे मलाही आधी सांगता येत नाही. आणि सांगता आले असते तर त्याला नेमण्याचे कारणच उरले नसते, नियमांची एक यादी पुरली असती. त्याची उपयुक्तता आणि त्याची अनिश्चितता एकाच ठिकाणाहून येतात. मग शेतकऱ्याला समजावून सांगायचे ते काय?

वकील : माणसाच्या मुखत्यारनाम्यातही तो काय करील हे आम्ही लिहीत नाही, सर. काय करू नये, हिशेब केव्हा द्यावा आणि कसूर केल्यास भरून कोण देईल, एवढेच लिहितो. बाकीचे त्याच्यावर सोडतो. असा कागद मी उद्या आपल्या प्रोग्रामसाठीही तयार करू शकेन. पहिली दोन कलमे अवघड नाहीत, नोंदवहीने भागतील. तिसऱ्या कलमात मात्र नाव लिहावे लागते, आणि रचणारा, शिकवणारा, विकणारा, तारण देणारा व स्वतः शेतकरी या पाचांपैकी कोणाचे लिहिले असता जे घडेल त्यावर त्याचा खरोखरच ताबा होता असे म्हणता येईल, हे मला अजून ठरवता आलेले नाही.